विस्तवावाचूनचा भात

यमुनाबाईच्या घरची चूल तुळशीची लग्नं लागल्यावर आठव्या दिवशी विझली, ती फेब्रुवारी सरत आला तरी पेटली नव्हती. मांडवीला समुद्राच्या अंगाला घरं आहेत, तिथे सकाळी अकराच्या सुमाराला एखाद्या घराच्या कौलांतून धूर निघाला नाही तर ते लांबूनही कळतं. वाटेनं बोलत येणारी माणसं त्या घरासमोर आली की गप्प होत आणि पुढे गेल्यावर पुन्हा बोलू लागत.

सहदेव हा यमुनाबाईचा एकुलता मुलगा; नवरा तिचा केव्हाच वारला होता. मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर तो इंजीन ड्रायव्हर होता. शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरात भर समुद्रात वारं फिरलं. बाहेर गेलेल्या बोटी दाभोळच्या खाडीत शिरून बचावल्या, सहदेवची बोट शिरली नाही. चार दिवसांनी वरच्या किनाऱ्याला डिझेलचं एक रिकामं पिंप आणि दोन फळ्या लागल्या. माणूस एकही लागला नाही. आठव्या दिवशी बोटमालक स्वतः घरी येऊन मान खाली घालून बसला, तेव्हा सगळे काय समजायचं ते समजले. वाडीतल्या बायका रडत आत शिरल्या आणि शेजारच्या हौसानं रीतीप्रमाणे चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. मयताच्या घरात विस्तव ठेवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. हौसानं वावगं काहीच केलं नव्हतं.

यमुनाबाई तोवर ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. निखारे फसफसल्याचा आवाज झाला तशी ती उठून आत आली.

"कोणी सांगितलंन विझवायला?" तिनं विचारलं.

हौसानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"माझ्या पोराच्या नावानं विझवलात ना? तर आता तोच येऊन पेटवील. तोवर या घरात काडी ओढायची नाय."

सहदेवच्या बायकोला, चंपाला, वाटलं की दुःखाच्या भरातलं बोलणं आहे, आठ-पंधरा दिवसांत ओसरेल. ओसरलं नाही. चंपानं वातीचा स्टोव्ह माळ्यावरून काढला, तर यमुनाबाईनं तो उचलून मागच्या परसात नेऊन ठेवला. विस्तव तो विस्तव, म्हणाली. हौसाकडून जेवणाचं ताट आलं की ती तोंड फिरवी. "शेजारचं जेवण म्हणजे सुतकाचं जेवण. माझ्या घरात सुतक नाय." मग ती भिजवलेले पोहे खाई, ओलं खोबरं, केळं, कधी ताक. बस. फेब्रुवारीपर्यंत तिच्या हातातल्या चांदीच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या होत्या.

चंपा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चार वर्षांपूर्वी ती या घरात आली, मूलबाळ अजून नव्हतं. शाळेतून परतताना ती हौसाच्या मागच्या दारानं आत जाऊन दोन घास गरम खाई आणि तोंड धुऊन घरी येई. सासूला ते ठाऊक होतं, पण ती काही म्हणत नसे.

यमुनाबाईचा भाऊ विठू दाभोळला राहत होता. तो दोनदा येऊन गेला. दर्भाचा पुतळा करून सहदेवचे विधी उरकून घ्यावेत, असं त्याचं म्हणणं. यमुनाबाईनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. निघताना तो चंपाला म्हणाला, "बाय, तू शिकलेली हायस. तू समजाव तिला. किती दिवस चालायचं असं?"

चंपा हो म्हणाली आणि तिनं समजावलं नाही. रोज सकाळी आरशासमोर कुंकू लावताना तिच्या मनात येई, ही चूल थंड आहे तोवर हे पुसायला मला कोणी सांगणार नाही. हा विचार तिनं कोणाला बोलून दाखवला नव्हता. स्वतःलाही ती तो पुरता बोलू देत नसे.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळेच्या मैदानात एक सरकारी माणूस आला. त्यानं वाडीतल्या बायकांना बोलावून एक पेटी दाखवली. पेटीला दुहेरी काचेचं झाकण, झाकणावर आरसा, आत काळ्या रंगाचे, झाकण असलेले चार डबे. पेटीचं नाव सूर्यचूल, असं त्यानं सांगितलं. दहा वाजता त्यानं डब्यांत तांदूळ, डाळ, पाणी घालून पेटी उन्हाकडे तोंड करून ठेवली. मग लाकडांबद्दल बोलत राहिला. एका घराला वर्षाला किती भारे लागतात, डोंगर कसे उघडे पडत चाललेत, दुपारचं जेवण उन्हावर केलं तर निम्मं जळण कसं वाचेल, असं सगळं. साडेबाराला झाकण उघडलं तर वाफ आली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, एकीनं शीत दाबून पाहिलं. पण पेटी घ्यायला कोणी पुढे झालं नाही. ती शाळेतच राहिली, मोडक्या बाकांच्या खोलीत.

चंपाच्या कानात त्या माणसाचं एकच वाक्य राहिलं होतं. यात विस्तवाचा कणही नाही, असं तो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं हेडमास्तरांकडे, भिकाजी गुरुजींकडे, ती पेटी मागितली. गुरुजींनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. घरची हकीकत त्यांना माहीत होती. "न्या बाई," ते म्हणाले. "इथे नुसते उंदीर शिरतील तिच्यात."

रविवारी चंपानं ती पेटी खळ्यात मांडली. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. यमुनाबाई पडवीतून पाहत होती. साडेबाराला झाकण उघडलं तशी ती उठून जवळ आली, पेटीत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला.

"विस्तव कुठाय?"

"नाही आई. नुसतं ऊन आहे."

"खाली काय ठेवलंस?"

"काही नाही. बघा तुम्हीच."

यमुनाबाईनं डबे बाहेर काढले, पेटीच्या तळावर पदर धरून हात फिरवला, मग पेटी कलती करून खालची जमीन पाहिली. जमीन गार होती. तिनं कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"याला कोण विझवणार," ती म्हणाली आणि पाटावर येऊन बसली.

साडेतीन महिन्यांनी तिनं गरम भात खाल्ला. चंपा पाठ करून ताकात मीठ घालत राहिली, कारण सासूच्या घशातून प्रत्येक घासाला जो आवाज येत होता तो तिला ऐकवत नव्हता.

यमुनाबाई भराभर सुधारली. पेटी तिनं ताब्यातच घेतली. नऊ वाजता मांडायची, अर्ध्या अर्ध्या तासानं सूर्याबरोबर फिरवायची, काच ओल्या फडक्यानं पुसायची. हौसा आधी लांबून पाही. एकदा तिनं आपली डाळ शिजते का म्हणून एक डबा आत ठेवून पाहिला आणि मग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागली की मऊ शिजते, आणि करपत नाही.

एका डब्यात भात, एकात डाळ, एकात भाजी किंवा मासळी. चौथा डबा पंधराएक दिवस रिकामाच राही. मग एका सकाळी यमुनाबाईनं त्यात मूठभर तांदूळ घातले.

"हा सहदेवाचा," ती म्हणाली.

चंपानं पिशवी खांद्याला लावली आणि ती शाळेत गेली.

एप्रिलात शाळा सकाळची झाली. चंपा बाराच्या आत-बाहेर घरी येई. एके दिवशी तिनं जेवण वाढायला म्हणून डबे काढले तर चौथा डबा हलका लागला. उघडून पाहिलं. भाताच्या मधोमध खड्डा होता आणि डब्याच्या कडेनं भाताचं एक कडं तेवढं उरलं होतं. सहदेव असाच जेवायचा. भाताच्या मध्ये बोटांनी आळं करायचा, त्यात आमटी ओतायचा आणि आतून बाहेर खात यायचा. कडेचा भात नेहमी टाकायचा. त्यावरून चंपा त्याला किती वेळा बोलली होती.

तिनं सासूकडे पाहिलं. यमुनाबाई पाटावर बसून, नजर खाली घालून, आपल्या ताटाची वाट पाहत होती. चंपाला वाटलं, खातात बिचाऱ्या. मुलाचा घास म्हणून खातात, आणि त्याच्यासारखाच खातात. तेवढंच दोन शितं जास्त पोटात जातात. जेवणं झाल्यावर ती डबे घासायला परसात बसली. घरात राख नव्हती, म्हणून काथ्यानं आणि वाळूनं घासायची सवय झाली होती. चौथा डबा घासताना तिला डिझेलचा वास आला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. चार वर्षं तिनं तो शर्टांतून, उशीतून, सहदेवच्या केसांतून काढायचा प्रयत्न केला होता. संध्याकाळपर्यंत तो तिच्या बोटांना राहिला.

त्या दिवसापासून चंपा शाळेतून हौसाकडे डोकावेनाशी झाली. अकरा वाजून गेले की तिचं लक्ष वर्गातून उडे. घंटा झाली की ती जवळजवळ धावत घरी येई आणि आधी चौथा डबा उघडी. कधी भात अर्धा असे, कधी कडंच उरलेलं. एकदा तिनं सकाळी निघताना, सासूची नजर चुकवून, त्यात लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली. दुपारी फोड नव्हती. बी मात्र डब्याच्या झाकणावर काढून ठेवलेली होती. यमुनाबाईला लोणचं चालत नसे, त्याच्या वासानं तिला ठसका लागे. चंपानं ती बी चिमटीत धरून परसात नेली आणि मातीत खुपसली. सासूवर नजर ठेवली असती तर एका दुपारीत काय ते कळलं असतं. तिनं ठेवली नाही. तिला कळून घ्यायचं नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. यमुनाबाई पडवीत आडवी झाली होती. चंपा मीठ आणायला स्वयंपाकघरात गेली. पाच-सहा महिने विस्तव नाही, त्यामुळे ती खोली भर उन्हाळ्यातही गार आणि ओलसर असे. भिंतीवर उजेडाचा एक तुकडा पडला होता. पेटी फिरवताना आरशाचा कवडसा असा आत येई, त्यात नवीन काही नव्हतं. पण हा कवडसा दारापासून माणसाच्या चालीनं आत आला. माणसाच्या छातीच्या उंचीवरून, एक एक पाऊल टाकल्यासारखा थबकत, भिंतीच्या कडेनं चुलीपर्यंत गेला. तिथे थांबला. मग कोणी उकिडवं बसावं तसा खाली उतरला.

आई पेटी हलवताहेत, असं समजून चंपा बाहेर आली. यमुनाबाई पडवीत झोपली होती, तिचा श्वास शांत चालला होता. खळ्यात पेटीचा आरसा मिटवून कडी लावलेली होती. चंपा पुन्हा आत गेली तेव्हा भिंत काळोखी होती.

तिला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, हे तिला दोन दिवसांनी सुचलं.

मेच्या अखेरीला आकाश पांढुरकं होऊ लागलं. ऊन होतं पण त्यात जोर नव्हता. दीड वाजेपर्यंत थांबलं तरी भात कणीदार राही. मग तो दोन वाजता, तीन वाजता होऊ लागला. यमुनाबाई पेटी उचलून वाडीबाहेर, थेट समुद्राकाठी पुळणीवर नेऊन ठेवू लागली, कारण तिथे झाडांची सावली नव्हती. चौथा डबा आता भरलेलाच परत येई. त्यात अर्धे कच्चे तांदूळ पाण्यात फुगून पडलेले असत.

"त्याला उपाशी राहावं लागतंय," यमुनाबाई म्हणाली. ती एवढंच बोलली, पण चंपाला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मृग लागला तसं ऊन बंदच झालं. पुन्हा भिजवलेले पोहे आले. हवा ओली होती, पोह्यांना वास येई. आठ दिवसांत यमुनाबाईला ताप भरला. हौसा पेज घेऊन आली, तिनं ती तोंडाला लावली नाही. या वेळी चंपानंही हौसाचं अन्न घेतलं नाही. हौसा तिच्याकडे पाहत राहिली.

"बाय, तू तरी शहाणी हायस ना?" ती म्हणाली.

"उद्या ऊन पडेल," चंपा म्हणाली.

रविवारी सकाळी यमुनाबाईनं तिला जवळ बोलावलं. ताप उतरला होता, पण आवाज खोल गेला होता. "चंपा," ती म्हणाली, "चूल पेटव."

चंपाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पेटव गो. बास झालं. तुझ्या तोंडाकडं बघवत नाय मला."

"आई, आज उघडेल असं वाटतंय. मी पेटी मांडते."

"आता दसऱ्याशिवाय काय उघडत नाय."

"तुम्ही पडून राहा," चंपा म्हणाली आणि बाहेर गेली. तिनं चार डब्यांत तांदूळ घातले, चारीही डब्यांत. पेटी पडवीच्या कडेला ओढली, काच पुसली, आरसा उघडून आकाशाच्या त्या भागाकडे वळवला जिथे सूर्य असायला हवा होता. पागोळ्यांचे थेंब काचेवर उडत होते. ती पदरानं ते टिपत होती. अर्ध्या तासानं तिनं पेटी थोडी फिरवली. परत अर्ध्या तासानं. हौसा आपल्या दारातून हे पाहत होती.

बारा वाजायच्या सुमाराला चंपाला धुराचा वास आला.

तो आपल्याच घरातून येत होता. तिनं वर पाहिलं, तर कौलांच्या फटींतून धूर निघून पावसाखाली पसरत होता. तिच्या हातातून फडकं गळून पडलं. चूल तोच येऊन पेटवील, असं ठरलेलं होतं. सगळ्या वाडीसमोर ठरलेलं होतं. ती धावली, उंबऱ्याला ठेच लागली तरी थांबली नाही.

"आलात?" ती म्हणाली. "कधी आलात?"

चुलीपुढे यमुनाबाई बसली होती. भिंतीला धरून, सरपटत ती तिथवर पोचली असावी, कारण तिचं लुगडं गुडघ्यांपाशी मातीनं भरलं होतं. तिनं वाळली झावळ मोडून आत घातली होती आणि ती फुंकर घालत होती. धुरानं तिचे डोळे गळत होते. तिनं मान वळवून सुनेकडे पाहिलं, सुनेच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहिलं, आणि फुंकणं थांबवलं.

"नाय गो," ती म्हणाली. "मीच हाय."

चंपा दारातच खाली बसली. सात महिन्यांत ती कोणासमोर रडली नव्हती, ती आता रडली. मोठ्यानं, शाळेतल्या पोरांसारखी. यमुनाबाईनं तिला रडू दिलं. मग तिनं पेटीतले तांदूळ आणायला सांगितले. चंपानं डबे आणले, तांदूळ पातेल्यात ओतले आणि पेज चुलीवर चढवली. खोलीत हळूहळू ऊब आली. भिंतींच्या कोपऱ्यांतला कुबट वास जाऊन तिथे जळत्या झावळीचा वास पसरला.

पेज रटरटू लागली तेव्हा यमुनाबाई म्हणाली, "एक सांगतंय, रागवू नको. तो चौथा डबा तू खात होतीस, ते मला कळत होतं. मी दाखवलं नाय. म्हटलं, नवऱ्याचा घास हाय, खाऊ दे."

चंपानं पळी हातातच धरली.

"मी नाही खाल्ला आई," ती म्हणाली. "मला आधी वाटलं तुम्ही खाताय."

यमुनाबाईनं तिच्याकडे पाहिलं. चंपा खोटं बोलत नव्हती, आणि यमुनाबाईही नव्हती, हे दोघींना एकाच वेळी उमगलं. पेज उतू जायला लागली तरी कोणी हात पुढे केला नाही. शेवटी यमुनाबाईनंच एक लाकूड मागे ओढलं.

"डब्याला वास यायचा," चंपा हळू म्हणाली. "डिझेलचा."

"यायचा," यमुनाबाई म्हणाली.

मग दोघींनी पेज खाल्ली. चंपानं दोन वाडगे खाल्ले. बाहेर हौसा येऊन पडवीत उभी होती. धूर पाहून आली होती, पण तिला आत यायचं धाडस होत नव्हतं. चंपानं तिला हाक मारली आणि तिसरा वाडगा तिच्या हातात दिला.

विठू दाभोळहून आला. पुढच्या आठवड्यात, पावसाची उघडीप पाहून, त्यानं दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला आणि दहाव्या-बाराव्याचं सगळं यथासांग केलं. बायका चंपाचं कुंकू पुसायला पुढे झाल्या तेव्हा यमुनाबाईनं हात आडवा घातला. "तिचं ती बघून घेईल," ती म्हणाली. चंपानं ते दिवाळीपर्यंत लावलं. मग एका सकाळी लावलं नाही.

पावसाळाभर पेटी माळ्यावर पडून होती. ऑक्टोबरात ऊन कडक झालं तशी ती शाळेत परत करावी म्हणून चंपानं खाली काढली. यमुनाबाईनं तिला अडवलं.

"राहू दे. लाकडं कुठून आणायची एवढी? सकाळचं चुलीवर, दुपारचं उन्हावर."

"आई, नक्की?"

"नक्की म्हणजे काय? भात शिजवायचा हाय."

भिकाजी गुरुजींनी हरकत घेतली नाही. यमुनाबाईनं पेटी खळ्यात मांडली, भात, डाळ आणि हौसाची भाजी आत लावली, आणि चौथा डबा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. त्यात तिनं शेवटी पाणी भरलं, आंघोळीला गरम होईल म्हणून. त्या वर्षी त्यांच्या घरी लाकडाचे भारे निम्मेच लागले आणि ते पाहून वाडीत आणखी तीन पेट्या आल्या. सरकारी माणूस पाहायला आला तेव्हा यमुनाबाईनंच त्याला, काच कशी पुसायची आणि दर अर्ध्या तासानं पेटी कशी फिरवायची, ते खडसावून सांगितलं.

चंपा मात्र एप्रिलात सकाळची शाळा झाली की दुपारी एकपर्यंत शाळेतच थांबते. वह्या तपासायच्या आहेत, असं सांगते. ती घरी पोचते तोवर सासूनं चौथ्यासकट सगळे डबे काढून, झाकणं उघडून, ताटं वाढून ठेवलेली असतात.